मेणातली मुशी

मी एक जुना मायक्रोटोम आहे. अंधेरीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ बसून असतो. मित्रांनो, माझं काम कापण्याचं. मेणात बसवलेला गर्भ माझ्यात लावायचा आणि चाक फिरवायचं. मग पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप निघतात आणि त्यांची लांब फीत होते. नवा होतो तेव्हा ती फीत बघायला मुलं गर्दी करायची. हल्ली माझ्यावर चहाचे कप ठेवतात. खरं सांगतो, मी दमलोय.

गेल्या वर्षी माधुरी मॅडमच्या हाताखाली संशोधनासाठी जेनिस आली. तिचे वडील मार्कस मासेमार आहेत. त्यांच्या जाळ्यात मुशीची, म्हणजे लहान शार्कची अंडी आली, चामड्याच्या पाकिटांसारखी. जेनिसने ती टाकीत जपली, पण त्यातलं एकच जगलं. मुशीचे कल्ले घडताना एक जनुक नेमका कुठे काम करत असतो, हे तिला शोधायचं होतं. काप रंगवले की तेवढीच जागा निळी दिसते.

त्या अंड्यातला गर्भ मेणात बसला. तिचा सहकारी चैतन्य म्हणाला, "आधी याला तेल दे ना. किती दिवसांत कोणी हात लावलेला नाही."

"वेळ नाही रे. माधुरी मॅडमना उद्याच काप दाखवायचेत."

तिने चाक फिरवलं. माझा गंजलेला दांडा अडला, मग हिसक्याने सुटला. फितीचा चुरा झाला.

"थांब, जेनिस! थांब!" चैतन्य ओरडला.

ती थांबली तोवर गर्भाचं डोकं गेलं होतं, आणि त्याबरोबर कल्लेही.

"वाट लागली, यार," ती म्हणाली.

संध्याकाळी दोघांनी मला खोललं, गंज काढला, तेल घातलं, नवं पातं बसवलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या धडाची फीत सरळ निघाली. ती रंगवल्यावर पोहण्याच्या परांच्या कडेला निळी रेघ उमटली.

माधुरी मॅडम सूक्ष्मदर्शकातून वर बघत म्हणाल्या, "छान आहे गं. परांवर लिही. पण कल्ल्यांचं?"

जेनिसने फोन काढला. "पापा, मुशीचं अंडं मिळेल का अजून?"

पलीकडून मार्कस म्हणाले, "आता नाही बाळा. पुढच्या वर्षी बघू."

मित्रांनो, तुमच्या शाळेत एखादं जुनं यंत्र असेल, तर काम झालं की ते पुसून, तेल घालून ठेवा. पुढच्या खेपेला त्याच्या पात्याखाली कोणाचं एकुलतं एक येईल, सांगता येत नाही.