बारावा चौकोन

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. दोन हात लांब, वीतभर रुंद. माझ्या अंगावर ओळीने बारा चौकोन आहेत आणि प्रत्येकात वेगळी नक्षी कोरलेली आहे. मला घडवणाऱ्या कारागिराला सगळे पटाशीमास्तर म्हणत. पटाशी म्हणजे लाकूड कोरायचं धारदार हत्यार. ती हातात नसली की मास्तर अर्धेच वाटायचे.

कपाट, पलंग, आरशाची चौकट करून घ्यायला माणसं आली, की मास्तर मला त्यांच्या पुढ्यात ठेवत. गिऱ्हाईक एका चौकोनावर बोट ठेवून विचारी, याला काय म्हणतात? मग मास्तर खुलत. ही उंचसखल कड म्हणजे कंगोरा. ही कमानीसारखी वळलेली महिरप. ही लोंबती झालर, हा तिच्या टोकाचा गोंडा, हा थेंबासारखा लोलक. ती नावं ऐकताना एकेक दागिना अंगावर चढवल्यासारखं मला वाटायचं.

मास्तरांचा एक नेम होता. विचारल्याशिवाय ते नाव सांगत नसत. आपणहून सांगितलेलं या कानाने शिरतं आणि त्या कानाने जातं, विचारणाऱ्याच्याच लक्षात राहतं, असं त्यांचं म्हणणं. लेक त्यांना चिडवायची, की बाबा, मग दारात रांग लागायला हवी. रांग कधी लागली नाही, पण अकरा नावं कोणी ना कोणी विचारली. बाराव्या चौकोनाकडे मात्र कोणाचं बोट गेलंच नाही. तो अगदी शेवटच्या टोकाला. त्यात पान नाही, फूल नाही. एक वळण स्वतःभोवती फिरत जाऊन मध्येच थांबलेलं. ते मास्तरांनी मनाने कोरलं होतं. कोरून झाल्यावर ओठ हलवून त्यांनी काहीतरी म्हटलं आणि स्वतःशीच हसले. म्हणजे नाव ठरलं होतं. मला ते ऐकू आलं नाही. कोणीतरी विचारील, म्हणून मी वाट पाहत राहिले.

पुढे यंत्रावर कापलेल्या तयार पट्ट्या आल्या. लोक तीन नंबरचं डिझाइन, सात नंबरचं डिझाइन मागू लागले. नंबराला नाव कोण विचारतो? मी दारामागे गेले. रंगाचे डबे माझ्यावर टेकले. महिरपीत एका कोळ्याने जाळं विणलं, तेवढीच काय ती सोबत. एके दिवशी तोही गेला.

मग लेक तान्ही मुलगी घेऊन माहेरी राहायला आली. मुलगी रांगायला लागली आणि लेकीच्या जिवाला घोर लागला. स्वयंपाकघरातून एक पायरी उतरली, की कारखाना. तिथे पटाश्या, करवती, खिळे. तिने मला शोधून काढलं, काचकागदाने घासलं, कुसळ राहिलं तर नाही ना म्हणून स्वतःचा गाल माझ्यावरून फिरवला आणि दारात आडवं ठोकलं. नक्षीची फळी कुंपण झाली. वाईट वाटलं, पण नात मला धरूनच पहिल्यांदा उभी राहिली. तिची बोटं माझ्या खाचांतून फिरत. विचारायला मात्र तिला अजून शब्द फुटले नव्हते.

अशात एका सकाळी मास्तरांच्या हातून चहाचा कप निसटला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत. कपाचं चित्र दाखवीत, घड्याळाचं दाखवीत. मास्तर भिंतीकडे तोंड फिरवीत. लेक बोलून बोलून थकली. शेवटी जाता जाता बाईंनी विचारलं, की यांच्या हाताला ओळखीचं घरात काही आहे का. लेकीने दाराकडे पाहिलं.

तिने मला उपटून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं डावं बोट पहिल्या चौकोनात टेकवलं.

"बाबा, याला काय म्हणतात?"

बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"कं... गोरा."

लेक कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

चार महिन्यांत अकरा नावं परत आली. आलेलं प्रत्येक नाव तिने चिठ्ठीवर लिहून त्या त्या नक्षीखाली चिकटवलं. बाराव्या चौकोनाची चिठ्ठीही आधीच चिकटवून ठेवली. तिथे बोट टेकलं, की मास्तर कोरताना हसले होते तसेच स्वतःशी हसत. ओठ हलत, आवाज येत नसे. ती रोज विचारी. एकदा ती म्हणाली, "बाबा, मी या घरात लहानाची मोठी झाले. हे एवढं एक मी कधीच कसं विचारलं नाही?" मास्तरांनी बरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

त्याच वर्षी थंडीत मास्तर गेले.

त्याला काही वर्षं झाली. आता मी भिंतीवर आहे. नात स्टुलावर चढून चिठ्ठ्या वाचते आणि आई खालून स्टूल घट्ट धरून उभी असते. परवा नात शेवटच्या चौकोनापाशी थांबली. "आई, याला काय म्हणतात?"

"माहीत नाही गं."

नात खाली उतरून खेळायला गेली. आई मात्र स्टूल धरून तशीच उभी होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या जुन्या वस्तूवर अशी कड असेल, वळण असेल. तिचं नाव ठाऊक असलेलं माणूस कदाचित शेजारच्याच खोलीत बसलं असेल आणि तुम्ही विचाराल म्हणून गप्प असेल. तिथे बोट ठेवा आणि विचारा. माझ्या बाराव्या चौकोनाखालची चिठ्ठी अजून कोरी आहे.