कोराडीपासून पायी

तारा गजभियेची उजवी नडगी थंडीच्या सुरुवातीला दुखायला लागली. आधी फक्त पळताना दुखायची, मग जिना उतरताना. फेब्रुवारी लागेपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून नुसतं खुर्चीत बसलं तरी ठणकायची. घरी आई, इंदूबाई, विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळायची आणि मुकाट्यानं शेकत बसायची. बोलायचं काम वडिलांचं होतं.

दादाजी गजभिये एके काळी गिरणीच्या खेळांत पळायचे. पुढे मागावर उभं राहून राहून त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी आपलं पळणं मुलीच्या पायांत घातलं. तारा आठवीत होती तेव्हापासून ते तिला अंधारात उठवत. इंदोऱ्याच्या वस्तीतून कामठी रोडला ती पुढे पळायची आणि मागून त्यांची सायकल यायची. ती जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात खेळली. वस्तीत दादाजींना आता कोणी नावानं हाक मारत नव्हतं. 'ताराचे बाबा' म्हणत. एवढं होईतो तारा सव्वीस वर्षांची झाली होती. सकाळी पळायचं, दिवसभर ड्यूटी करायची, संध्याकाळी पुन्हा पळायचं. ताट पुढ्यात असतानाच तिचे डोळे मिटायचे.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, सावनेरच्या पलीकडून निघून शहरातल्या सदर भागात संपणारी मॅरेथॉन ठरली. पूर्ण बेचाळीस किलोमीटर, आणि बायकांनाही घेणार होते. दादाजींनी तिला न विचारताच तिचं नाव देऊन टाकलं.

"बाबा, या वेळी राहू द्या. पाय नाही म्हणून राहिला."

"पाय तसा म्हणतच असते," दादाजी हसून म्हणाले. "आपण आयकायचं नसते."

शर्यतीच्या सकाळी तिनं नडगीला घट्ट पट्टी बांधली. सुरुवातीचा रस्ता बरा गेला. पाटणसावंगीपर्यंत पाय तापला आणि दुखणं आत कुठेतरी दबून बसलं. मग ऊन चढलं. कोळशाचे ट्रक बाजूनं जायचे तेव्हा तोंडात काळी धूळ यायची. टाच टेकली की कोणीतरी हाडावर खिळा ठोकतंय असं वाटायचं. तिच्या पुढे दोनच बायका होत्या, आणि त्यातली एक आता दिसायला लागली होती.

"पाह्य, तिचे खांदे पडले!" मागून सायकलवरून दादाजी ओरडले. "थकली ते! धर तिले, तारा! धर!"

किती वर्षं हा आवाज तिच्या पाठीवर होता. कधी चिडून, कधी लाडानं, पण कायम मागून. पाय दुखत होताच. पण आपल्याला या आवाजाचा किती कंटाळा आलाय हे तिला त्या क्षणी कळलं. आणि कळलं तशी ती थांबली. कोराडी मागे टाकून थोडंच पुढे आली होती. रस्त्याकडेला एक मोरी होती, तिच्या कठड्यावर ती बसली.

दादाजींनी सायकल तशीच आडवी टाकली. "उठ वं! बसली की पाय गार होते."

"होऊ द्या."

तिनं पट्टी सोडली. नडगीवर पट्टीचे वळ उठले होते, आणि त्यांच्यामध्ये मांस सुजून तकतकत होतं. दादाजींनी बोट पुढे केलं. ते नुसतं टेकलं तशी ती कळवळली, आणि त्यांनी हात मागे घेतला.

"कवापासून आहे हे?"

"थंडीपासून."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं तं होतं."

तेवढ्यात शर्यत सोडलेल्यांना गोळा करत फिरणारी जीप मागून आली. तिच्यात गोपाळराव नावाचे एक शाळामास्तर स्वयंसेवक म्हणून बसले होते. त्यांनी पाय पाहिला आणि मागचं दार उघडलं. "बसा ताई. जागा आहे."

"बस बेटा," दादाजी म्हणाले. "झालं. पुरे झालं आता."

जीपमध्ये सावली होती. पाण्याचा माठ होता. ताराला तिथे आडवं होऊन डोळे मिटावेसे वाटत होते. पण पळ म्हणाले ते बाबा, आणि आता बस म्हणतात तेही बाबाच. ती पट्टी पुन्हा गुंडाळायला लागली.

"तुम्ही जा मास्तर. मी चालत येते."

"येडी झाली काय?" दादाजी म्हणाले.

"आणि बाबा, तुम्ही पुढं जा. सोबत नका येऊ."

"एकटी येशील?"

"एकटीच येते."

मग त्यांनी सायकल उचलली आणि निघाले. तारा त्यांच्याकडे बघत राहिली. ते नेहमी मागे असल्यामुळे तिनं त्यांना असं पाठमोरं कधी पाहिलंच नव्हतं. दर पायडलाला त्यांचे गुडघे बाहेर फाकत होते. सायकल किती हळू जात होती!

ती चालायला लागली. चालणं पळण्याहून सोपं असेल असं तिला वाटलं होतं. तसं ते नव्हतं. पळताना दुखणं भर्रकन निघून जायचं, चालताना ते प्रत्येक पावलाला थांबून भेटायचं. मागून येणारे लोक तिला ओलांडून गेले. नंतर मागे कोणी उरलंच नाही.

मानकापूरच्या अलीकडे एका बाईचं चहाचं हॉटेल होतं. अंजनाबाई तिचं नाव. लंगडत येणारी पोरगी पाहून तिनं हाक मारली, बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"काय झालं वं माय? पडली काय?"

"नाही. शर्यत आहे."

"ते तं सकाळीच गेले सगळे! पोचले बी असतीन."

"पोचले असतील."

"मंग तू काहून चालून राहिली अशी?"

तारा आणखी एक गिलास पाणी प्यायली. "घर तिकडंच आहे माझं," ती म्हणाली. अंजनाबाई खो खो हसली आणि ताराही हसली. आपण किती दिवसांनी हसलो, असं तिला वाटून गेलं. मग उठताना पाय भुईला टेकला आणि हसू गेलं.

सदरमध्ये पोचली तेव्हा मांडव उतरवणं चालू होतं. शर्यत संपण्याची चुन्याची रेघ गाड्यांनी पुसून गेली होती. दादाजी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. तिला पाहून ते उठले, पण पुढे आले नाहीत. ती मांडवाखालून गेली आणि थांबली, तेव्हाच ते जवळ आले. त्यांनी रिक्षा ठरवून ठेवली होती.

"लई दुखते?" रिक्षात त्यांनी विचारलं.

"हो," तारा म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

एक्स-रेमध्ये हाडाला बारीक चीर दिसली. चालल्यामुळे ती वाढली, म्हणून डॉक्टर रागावले. त्यांचं बरोबर होतं, आणि ताराला ते पटलंही. तरी चालल्याचं तिला वाईट वाटलं नाही. प्लास्टर घालून ती घरी पडून राहिली आणि आठवडाभर नुसती झोपली. इंदूबाई जेवायला उठवायची तेवढंच.

एक दिवस दादाजी तिच्या खाटेजवळ येऊन बसले.

"प्लास्टर निघालं की..." त्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले.

"की काय?"

"काही नाही. तूच सांग."

"सकाळी उशिरापर्यंत झोपीन म्हणते."

"अन् मंग?"

"मंग पाहू."

दादाजींनी मान हलवली. त्यांना अजून जुन्याच वेळेला, अंधारातच जाग यायची. दुसऱ्या दिवशीही आली. ते उठले, बादलीचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून बाहेर नेली, आणि दार हळूच ओढून घेतलं. आत तारा झोपली होती.