सोमवारचे नमुने

सांडपाणी शुद्ध करून पुन्हा नळाला सोडणाऱ्या केंद्रात ती बारा वर्षं रसायनतज्ज्ञ होती. एका बुधवारी यंत्राच्या आलेखावर नको तिथे सुळका उठला. आपलीच बाटली खराब असेल म्हणून तिनं नवी घेतली, आधी निव्वळ शुद्ध पाणी तपासलं, मग पुन्हा नमुना. तीनदा तेच. औषधाच्या कारखान्यात वापरतात ते द्रावक. तळ्यात चिमूटभर पडावं इतकंच, पण रोज पोटात जाणारं.

तसा कारखाना वरच्या अंगाला एकच होता, आणि तिचा धाकटा भाऊ तिथं पाळीप्रमुख होता.

"टाकी भरली की गटारात सोडतो आम्ही," तो खाली बघत म्हणाला. "पण ताई, तू यात पडू नकोस. माझ्या पोटावर पाय येईल."

दोन दिवस तिनं आलेखाचा कागद पर्समध्येच ठेवला. मग तिनं साहेबांपुढे कागद ठेवला.

"मर्यादा ओलांडली का?" साहेबांनी विचारलं.

"याला मर्यादाच ठरलेली नाही, साहेब."

"मग ओलांडणार कशी? नसते उद्योग!" हसत त्यांनी कागद खणात टाकला. पुढच्या आठवड्यापासून नमुने फक्त सोमवारी सकाळी घ्यायचे, असा आदेश निघाला. रविवारी कारखाना बंद असे. सोमवारचं पाणी आरशासारखं.

शेवटी तिनं सरकारी तपासणी अधिकाऱ्याला लेखी कळवलं. नाव गुप्त ठेवा म्हणून हात जोडले. अधिकाऱ्यानं पहिला फोन कारखान्यालाच केला, तिच्या नावासकट. ही बहीण कुणाची, हे शोधायला त्यांना एक दुपार पुरली. दुसऱ्या दिवशी भावाला काढलं. तपासणी झाली तीही सोमवारीच, आणि कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं.

ती भावाकडे गेली तर भावजयीनं दारातच अडवलं. "वन्सं, तुमचं खरं झालं ना? आता आमची चूल तुमच्या खरेपणावर पेटवू का?" आई आत बसून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

महिन्यानं भावाचा फोन आला. परगावी एका गोदामात माल उतरवत होता.

"ताई, निदान पाणी तरी सुधारलं का गं?"

आदल्याच बुधवारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिनं चोरून एक नमुना तपासला होता. सुळका दुप्पट उंच होता.

"हो," ती म्हणाली. "बरंच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि ओझं उतरल्यासारखा हसला.