गर गाळणारी गाळणी

मित्रांनो, मी एक म्हातारी पितळी गाळणी आहे. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून घडवले. सौंदडच्या दुधरामभाऊंच्या घरी मी त्यांच्या बायकोच्या, धुरपताबाईंच्या, लग्नातल्या भांड्यांबरोबर आले. बेलाचे सरबत माझ्यातून गाळल्याशिवाय तिथे कुणाच्या हाती जात नसे. पाहुण्याच्या तोंडी चोथा आला, तर घराची अब्रूच गेली म्हणायची! "धुरपताबाईचं सरबत म्हणजे आरसा," असे लोक म्हणत आणि मी इकडे हुरळून जाई. काय दिवस होते ते!

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. दुधरामभाऊंच्या पायाची जखम काही केल्या भरेना. धुरपताबाई त्यांना आगगाडीने गोंदियाला घेऊन गेल्या. तिथले डॉक्टर हिंदी बोलणारे. रक्तात साखर वाढली आहे, चरबीही वाढली आहे, जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, असे त्यांनी बजावले. औषध दिले, भात कमी करायला लावला आणि वर बेल प्यायला सांगितले.

घरी येताच धुरपताबाईंनी शेजारच्या शामकलाला सांगितले, "बेल का गुड घोल के पिलाव म्हणे डाक्टर."

"साखरेच्या बिमारीले गुड? काऊन वो?"

"डाक्टर का येडा आहे?"

झाले! एरवी चिमूटभर पडणारा गूळ आता मूठभर पडू लागला. ती माउली भक्तिभावाने सरबत करी आणि मी मन लावून गाळी. गर उकिरड्यावर जाई, गोड पाणी भाऊंच्या पोटात. जखम काळी पडत चालली.

पुन्हा गोंदिया गाठले. परत आल्यावर भाऊ ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "गुड नाही वो, गूदा! गूदा म्हणजे गर. चोथ्यासंग प्या म्हणते तो. चोथा असला का साखर रक्तात हळूहळू जाते. अन् गुड त बिलकुल बंद!"

धुरपताबाई म्हणाल्या, "मले त गुडच आयकू आला. माह्या हातानं तुमाले जहर पाजून राहिली होती मी!"

त्या रडल्या, मीही जाळीतून ठिबकत राहिले. त्याच दिवशी मला खिळ्याला टांगले. त्यानंतर गुळाशिवायचा, दाट, चोथ्यासकट बेल भाऊंच्या पेल्यात पडू लागला. औषध आणि पथ्य चालूच होते. जखम हळूहळू सुकली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत भाऊ दोन्ही पायांनी शेताच्या बांधीतल्या चिखलात उतरले, तेव्हा धुरपताबाई कडेच्या धुऱ्यावर उभ्या राहून नुसत्या त्यांच्या पायांकडे पाहत होत्या, असे शामकला सांगत आली.

माझ्यावर आता हिरवट कळंक चढला आहे. कुणी घासत नाही, कुणी नावाजत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, फळातला गर फेकू नका. मला खाली काढायची घाई करू नका. या घरात माणूस दोन पायांवर चालतो आहे, तोवर मी टांगलेलीच बरी.