कोळशाचं खरं वय

मित्रांनो, मी एक जुना कोळसा आहे, वाटाण्याएवढा. पण माझ्या वयावरून एकदा केवढं महाभारत घडलं म्हणून सांगू!

आधी मी झाड होतो. मग कुणाच्या तरी घराचं दार झालो आणि कितीतरी पिढ्या कुरकुरलो. ते घर पडलं, तेव्हा मजुरांनी मला फोडून भट्टीत घातलं. दगड सांधायचा लेप तिथे भाजत होते. राखेबरोबर मीही लेपात गेलो आणि इजिप्तच्या एका पिरॅमिडमध्ये हजारो वर्षं निवांत पडून राहिलो.

मग एका संशोधक बाईंनी मला चिमट्याने अलगद काढून प्रयोगशाळेत आणलं. अर्धा भाग जाळून वय मोजलं, अर्धा बाटलीत ठेवला. ज्या राजाने तो पिरॅमिड बांधला म्हणतात, त्याच्याहून मी तीनशे वर्षांनी जुना निघालो! बाई हरखल्या. पिरॅमिड त्या राजाचा नाहीच, असा निबंध त्यांनी लिहून टाकला.

त्यांचे सर म्हणाले, "अगं, घाई करू नकोस. चुकलीस तर वीस वर्षांची मेहनत पाण्यात जाईल."

पण बाई ऐकतात कुठल्या! मला सारं कळत होतं, पण कोळशाला तोंड कुठलं?

तो निबंध संशोधकांच्या सभेत वाचायला महिना उरला होता. बाईंचा विसरलेला डबा घेऊन त्यांचे वडील आले. ते निवृत्त सुतार. बाटली डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, "लाकूड नवं होतं की जुनं?"

"बाबा, त्याने काय फरक पडतो?"

"अगं, चांगलं लाकूड कोणी जाळतं का? दुकानात मी चहा कायम मोडक्या चौकटींवरच उकळायचो. चौकट शंभर वर्षांची, चहा आत्ताचा!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवशी डबा तसाच राहिला. त्याच लेपात त्यांनी गवताची एक काडी शोधली. गवत एका हंगामाचं, त्याला कुठलं मागचं आयुष्य? काडीचं वय राजाच्या काळाशी बरोबर जुळलं.

सभेत बाई उभ्या राहून म्हणाल्या, "मी झाडाचं वय पिरॅमिडला चिकटवलं. माझी चूक एका सुताराने पकडली." सरांनी पहिली टाळी वाजवली. मला तर इतकं बरं वाटलं!

आता मी काचेच्या कपाटात मजेत आहे. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर जपून धरा आणि वयाआधी तिचं मागचं आयुष्य विचारा. मी दार होतो का, हे अजून मला कुणी विचारलेलंच नाही.