बिनविरोध पत्रिका

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. माझ्या बायकोचा बसला नाही, आणि तिने तर पत्रिका जुळवून माझ्याशी लग्न केलंय.”

एवढं बोलून दत्तप्रसाद पुराणिकांनी चष्मा कपाळावर चढवला. पत्रिका बघताना चष्मा नाकावर आणि थाप मारताना कपाळावर, हे नारायण पेठेतल्या त्या बोळात सगळ्यांना ठाऊक होतं.

ऐकायला दोघंच होते. एक शैलाताई कांबळे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या. ग्रहताऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि हे सांगायला त्या रोज संध्याकाळी पुराणिकांकडे येत. दुसरा उत्तरेश्वर. बार्शीकडून शिकायला आला, शिक्षण संपलं तरी परत गेला नाही, आणि मोबाइलवर ‘पेठेची खबर’ नावाची बातम्यांची वाहिनी चालवायला लागला. नाव उत्तरेश्वर, पण धंदा प्रश्नांचा. दर सोमवारी तो दत्तप्रसादांचं राशिभविष्यही चित्रित करायचा, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याचं निम्मं ज्योतिष ऐकूनच पाठ झालं होतं.

त्याचा एक गुण म्हाताऱ्याला फार आवडायचा. तो थाप टिकू द्यायचा नाही. तरुणपणी आपण खडकवासल्याला पाण्यात उडी मारली ती थेट लकडी पुलाशी डोकं वर काढलं, असं दत्तप्रसादांनी सांगावं आणि याने शांतपणे विचारावं, “काका, कालव्याने आलात की नदीने? कालव्याला लकडी पूल लागत नाही.” म्हातारा खूश. पकडणाराच नसेल तर थापेत राम काय? ते नुसतं खोटं बोलणं झालं.

आज मात्र उत्तरेश्वर थाप ऐकायला आला नव्हता. मुहूर्त विचारायला आला होता. उद्या तो हिंदुरावांचा प्रवक्ता म्हणून पत्रकारांसमोर बसणार होता.

हिंदुराव म्हणजे तेच, ज्यांच्या फ्लेक्सवर ‘जनतेचा चाकर’ असं लिहिलेलं असतं आणि फ्लेक्समुळे जनतेला पुढचा सिग्नल दिसत नाही. या चाकराचा एक आवडता शब्द होता: बिनविरोध. पतपेढी बिनविरोध, गणेश मंडळ बिनविरोध, नाट्यगृहाची समिती बिनविरोध. कुणी अर्ज भरलाच तर दुसऱ्या दिवशी हसतमुखाने मागे घ्यायचा आणि त्याच्या गळ्यात हार पडायचा. प्रभागाची सभाही त्यांनी बंद करून टाकली. मी जनतेतला माणूस आहे, जनतेला काय हवं ते मला आतूनच कळतं, मग वेगळी सभा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मागच्या वर्षी भाजीवाल्यांच्या गाड्या उचलल्या तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, ‘जनतेच्या मागणीवरून’. सगळं पुणं तो वाचून पुढे गेलं. एकट्या उत्तरेश्वरने कॅमेरा लावून हिंदुरावांना विचारलं, “कोणत्या जनतेच्या? एक नाव सांगा.” हिंदुराव हसले. त्यांना नाव सुचलं नाही. ते हसणं आणि ती शांतता घरोघरी पाहिली गेली.

हिंदुराव असल्या माणसाला मारत-बिरत नाहीत. शेजारी बसवतात.

उत्तरेश्वरने होकार दिला, हे दत्तप्रसादांना मुळीच पटलं नव्हतं. पण उपदेश करणं हे पुराणिकांच्या घराण्यात नव्हतं, आणि पुण्यात उपदेश ऐकणं कुणाच्याच घराण्यात नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, पोराच्या तोंडून अजून ‘थाप आहे’ एवढे दोन शब्द निघतात का, ते बघायचं. निघाले तर आशा आहे. नाही निघाले तर मुहूर्त काढून द्यायचा आणि सोमवारी चित्रणाला दुसरं कुणी शोधायचं.

तर त्यांनी सुरुवात केली. गेल्या गुरुवारी दारात पांढरी गाडी उभी राहिली म्हणे, इतकी लांब, की तिचं तोंड बोळात आणि शेपूट लक्ष्मी रोडला. हिंदुरावांनी पत्रिका बघायला बोलावलं होतं. खडकवासल्याकडच्या त्यांच्या फार्महाऊसवर पोचल्यावर बघतात तर काय, आवारातली झाडून सगळी आंब्याची झाडं बंगल्याकडे वाकलेली. एकही सरळ नाही. एक नारळ तेवढा ताठ होता, त्याला माळ्याने नोटीस चिकटवली होती.

दत्तप्रसाद थांबले. उत्तरेश्वरकडे बघितलं.

“वारा असेल त्या बाजूचा,” उत्तरेश्वर म्हणाला.

शैलाताईंनी तोंड उघडलं. दत्तप्रसादांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं, तसं त्यांनी ते चहाने बंद केलं.

मग म्हाताऱ्याने धरणाची थाप काढली. हिंदुराव म्हणे व्हरांड्यात भाषणाची तालीम करत होते आणि तिकडे धरणातून पाणी सोडलेलं, त्याचा आवाज फार. हिंदुरावांनी बोट उचललं आणि म्हणाले, मी बोलतोय. झालं. पाणी तसंच पडत राहिलं, पण आवाज बंद. चार दरवाजांतून फेसाळत पाणी खाली येतंय आणि ऐकू काय येतंय, तर हिंदुरावांचं भाषण.

उत्तरेश्वरने मान हलवली. वरून खाली, आणि परत वर. सावकाश. “ध्वनिप्रदूषण हा तिकडचा गंभीर प्रश्न आहेच, काका. कुणीतरी हात घालायला हवाच होता.”

हा माणूस उद्यापासून प्रवक्ता होणार नव्हता, तो झालाच होता. वाकलेल्या झाडाला वारा सापडतो, मुक्या पाण्याला धोरण सापडतं. अशा लोकांना पुढे पुढे काहीच खोटं वाटेनासं होतं. त्यांनी चष्मा आणखी वर सरकवला आणि पत्रिका मांडली.

हवेत बोटाने चौकट काढून ते सांगू लागले. हिंदुरावांचं सिंह लग्न, आणि पहिल्याच घरात रवी. राजा ग्रह, राजाच्या घरात. तिथेच मंगळ म्हणजे सेनापती, तिथेच गुरू म्हणजे सल्लागार, आणि शुक्रही तिथेच. सगळे रवीला खेटून, सेल्फीला उभे राहिल्यासारखे. आता शास्त्र असं, की रवीच्या फार जवळ जाणारा ग्रह अस्तंगत होतो. दत्तप्रसादांनी हे हिंदुरावांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, अस्तंगत म्हणजे काय?

“मी म्हटलं, म्हणजे ग्रह असतो, पण दिसत नाही. तर म्हणाले, मग चांगलंच आहे की. शेजारी माणसं दिसली की फोटो बिघडतो.”

शैलाताईंना ठसका लागला. उत्तरेश्वर म्हणाला की नेतृत्वाचा चेहरा एकच असला की लोकांचा गोंधळ होत नाही.

पुढे राहू. दशमात, म्हणजे सत्तेच्या घरात. राहूला धड नाही, नुसतं मुंडकं. दत्तप्रसाद म्हणाले की फ्लेक्सच्या तळाशी गोलागोलात जी मुंडकी असतात, त्यांचा स्वामी हाच. हे ऐकून हिंदुरावांना कल्पना सुचली. त्यांनी तिथल्या तिथे नवा फ्लेक्स करायला सांगितला: मध्ये आपण, आणि खाली गोलात ग्रह, शुभेच्छुक म्हणून. ग्रह किती, असं छपाईवाल्याने विचारलं. हिंदुराव म्हणाले, आठ. नववा मीच आहे.

“लोकपरंपरेशी नातं सांगणारं आहे ते,” उत्तरेश्वर म्हणाला. आता त्याला विचार करायलाही वेळ लागत नव्हता.

मग शनी आला. शनी म्हणजे कष्टकरी, गोरगरीब, रांगेत उभे राहणारे. ज्योतिषात जनतेचा कारक तोच. हिंदुरावांच्या पत्रिकेत तो बाराव्यात, खर्चाच्या घरात. दत्तप्रसादांनी साहेबांना नम्रपणे सांगितलं की आपल्या पत्रिकेत जनतेचे बारा वाजलेले आहेत. हिंदुरावांनी स्वीय सहायकाकडे बघितलं आणि हुकूम सोडला, याची बदली करा. सहायकाने विचारलं, साहेब, कुठे? हिंदुराव म्हणाले, अकराव्यात, लाभाच्या घरात, म्हणजे माझ्या लाभाच्या. आदेश आजच निघाला पाहिजे.

“आणि निघाला. त्या दिवशी संध्याकाळी शनी आपलं चंबूगबाळं आवरून अकराव्यात रुजू झाला. मी स्वतः बघितलं गच्चीवरून. बिचारा लंगडत होता.”

यावर तरी, असं दत्तप्रसादांना वाटलं. यावर तरी पोरगं पेटेल. ज्याने कालवा आणि नदी यांत मला गाठलं, तो शनीची बदली गिळणार नाही. शैलाताईंनी कप खाली ठेवला होता आणि त्याही उत्तरेश्वरच्या तोंडाकडे बघत होत्या.

“प्रशासकीय सोय,” उत्तरेश्वर म्हणाला. पण हे म्हणताना त्याने खाली फरशीकडे बघितलं.

शैलाताईंना राहवलं नाही. “उत्तरेश्वर, बाळ, तुझी मान दुखत नाही का रे?”

त्याने पुन्हा मुहूर्तच विचारला. दहाची पत्रकार परिषद, त्याआधी चांगली वेळ कोणती, लवकर सांगा, मला निघायचंय. दत्तप्रसादांच्या लक्षात आलं की हातात एकच थाप उरली आहे. ती धंद्याला काळिमा फासणारी होती. त्यांच्या वडिलांनी ऐकली असती तर पंचांगानेच हाणलं असतं. पण पोरगं उठायला लागलं होतं.

“थांब. शेवटचं घर राहिलं,” ते म्हणाले. “सातवं. पहिल्या घराच्या बरोबर समोरचं. विरोधकाचं घर. हिंदुरावांनी विचारलं, तिथे कोण आहे? मी म्हटलं, बुध.”

बुध म्हणजे वाणी, बातमी, चौकशी करणारा ग्रह, हे त्यांना उत्तरेश्वरला सांगावं लागलं नाही. हिंदुरावांना सांगावं लागलं म्हणे. हा इथे काय करतोय, असं हिंदुरावांनी विचारलं. साहेब, तो समोर उभा राहून आपल्याकडे बघतोय. नुसता बघतोय? नाही साहेब, विचारतोय. एक नाव सांगा म्हणतोय.

उत्तरेश्वर उठता उठता अर्धवट थांबला.

दत्तप्रसाद आता त्याच्याकडे बघतच नव्हते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघून सावकाश सांगत होते. हिंदुराव रागावले नाहीत. हसले. म्हणाले, पुराणिक, माझ्या आयुष्यात सगळं बिनविरोध झालंय, पत्रिकाही बिनविरोध पाहिजे. त्या बुधाला निरोप पाठवा, अर्ज मागे घे. इकडे ये, माझ्या शेजारी बस, तुला माझी वाणी करतो. दत्तप्रसादांनी म्हणे इशारा दिला, साहेब, एवढा जवळ आला तर त्याचा अस्त होईल. हिंदुराव म्हणाले, होऊ दे की. दिसायला मी आहे.

“आणि बुध उठला,” दत्तप्रसाद म्हणाले. “आयुष्यभर रवीच्या समोर उभा राहिलेला ग्रह. सातव्या घरातून निघाला, पाच घरं ओलांडली, वाटेत कुणी विचारलं तर मान हलवली, आणि गेला रवीच्या मांडीला मांडी लावून बसायला. गळ्यात हार पडला. पत्रिका बिनविरोध झाली. हे मी या दोन डोळ्यांनी…”

“नाही.”

इतक्या हळू आला तो शब्द, की शैलाताईंना वाटलं आपल्याच तोंडून निघाला.

“नाही, काका,” उत्तरेश्वर म्हणाला. तो परत खाली बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. “बुध रवीच्या समोर कधी जातच नाही. एक तर त्याच्या घरात असतो, नाहीतर शेजारच्या. त्यापलीकडे त्याला जाताच येत नाही, हे तुम्हीच दर सोमवारी सांगता. सातव्यात आला कुठून?”

“आला असेल एखादा.”

“कसा येईल? आणि सिंहेचा रवी भर पावसाळ्यात असतो. हिंदुरावांचा वाढदिवस डिसेंबरात, तेव्हा अख्खं पुणं त्यांच्या तोंडाने झाकलेलं असतं. कोणत्या तारखेवरून मांडलीत ही पत्रिका? तारीख सांगा.”

दत्तप्रसादांनी तोंड उघडलं. त्यांना तारीख सुचली नाही.

“थाप आहे,” उत्तरेश्वर म्हणाला, आता बोळात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “झाडं, धरण, शनी, सगळी थाप आहे. पहिल्या वाक्यापासून. आणि मी हो म्हणत बसलो.”