चोरीचा वेल

माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई यांचा मनीप्लांट डालड्याच्या डब्यात होता आणि कंपाउंडवरून रस्त्याकडं लोंबायचा. आमच्या जवळा गावच्या आठवडी बाजाराला येणारी एखादी बाई हळूच त्याचा शेंडा खुडायची. लगेच सासूबाई ओसरीवरून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. ती शेंडा पदराखाली दडवून पळायची. एसटीडी बूथपासून शिंप्याच्या दुकानापर्यंत सगळ्या खिडक्यांत आमचाच वेल चढला होता.

त्या आरडाओरड्याला कंटाळून मी एकदा सगळा वेल आत ओढून घेतला. सासूबाईंनी तो मुकाट्यानं परत बाहेर सोडला, रस्त्यावरच्या बाईच्या हाताला येईल असा.

मी चिडलेच. "आत्याबाई, द्यायचाच आहे तर वरडता काहून?"

"मनीप्लांट मागून नेला की लागत न्हाई, चोरूनच न्यावा लागतो. मी गप बसले तर ती चोरी कशी व्हईल?"

पुढच्या बाजाराला सासूबाईंचा घसा बसला होता. बाहेर एका बाईनं शेंडा खुडला आणि ती घुटमळत ओसरीकडं बघत उभी राहिली. शेवटी मीच उठले आणि ओरडले.

सासूबाईंनी मला हातानं खूण केली, अजून जरा मोठ्यानं.